विश्वासरावांना चुकलेली गोळी आणि बुडालेलं बेट

मागच्या आठवड्यात पेटची तयारी करणाऱ्या एका मैत्रिणीने विचारलं, "विनोदी फॅन्टसीवर पीएचडी होते का रे? की आरआरसीत हसतील?" मी म्हटलं, हसले तर चांगलंच आहे, कुणीच हसलं नाही तर मात्र आराखड्यात काहीतरी गडबड आहे असं समज.

पण तिचा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. आपल्याकडे विनोद हलका आणि अद्भुत त्याहून हलकं. दोन्ही एकत्र आली की पुस्तक थेट बालविभागाच्या कपाटात जाऊन बसतं. त्यात युद्धाची आणि देशाभिमानाची टिंगल असली, की तेच पुस्तक अचानक 'जपून बोला' या वर्गात येतं. एकाच पुस्तकाला पोरकट आणि धोक्याचं अशी दोन्ही विशेषणं लागत असतील, तर तिथे खणायला जागा आहे, इतकं मला आता कळायला लागलंय. म्हणून आज दोन संहिता शेजारी ठेवून बघू. एक आपली मराठी कथा, जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'. दुसरी टेरी प्रॅचेटची 'जिंगो' ही १९९७ सालची कादंबरी, त्याच्या डिस्कवर्ल्ड मालिकेतली एकविसावी. एक कथा आणि एक कादंबरी, म्हणजे आकाराने विजोड जोडी आहे हे मान्य. तुलना कशावर उभी आहे ते पुढे येईलच.

आधी नारळीकर. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे म्हणजे सभांचे व्यावसायिक अध्यक्ष. नऊशे नव्याण्णव सभांचं अध्यक्षपद भूषवून झालंय, हजारावी सभा पानिपतच्या परिसंवादाची. पानिपतात निकाल उलटा लागला असता तर इतिहास कसा घडला असता, याचा विचार डोक्यात घोळत असतानाच त्यांची एका ट्रकशी टक्कर होते आणि ते ज्या जगात पोचतात तिथे निकाल खरोखरच उलटा लागलेला असतो. पुण्याहून मुंबईला जाणारी गाडी जिजामाता एक्सप्रेस. मुंबईच्या हद्दीवर सरहद्द नावाचं स्टेशन, तिथे परवाने तपासणारे अँग्लो-इंडियन कर्मचारी, कारण मुंबई अजून इंग्रजांकडे भाडेपट्ट्याने आहे. बाकी हिंदुस्थान गुलामीत कधी गेलाच नाही. पंत टाऊन हॉलमधल्या ग्रंथालयात जाऊन स्वतःच लिहिलेल्या इतिहासाचे पाच खंड काढतात आणि पाचव्या खंडात त्यांना फाटा सापडतो: विश्वासरावांना लागलेली गोळी इथे लागलीच नाही, कानाजवळून निघून गेली.

मी ही कथा पहिल्यांदा वाचली ती अकरावीच्या मुलांना शिकवताना, एनसीईआरटीच्या 'हॉर्नबिल' पुस्तकात, 'द अॅडव्हेंचर' या नावाने. इथे एक सूचना, फुकटची पण कामाची. ते रूपांतर संक्षिप्त आहे आणि पुस्तकातच तशी नोंद आहे. मराठी कथेवर प्रबंध लिहायचा आणि उतारे पाठ्यपुस्तकातून उचलायचे, असा प्रकार मी दोन सेमिनारांत पाहिलाय. तुमची संहिता कोणती, कुठल्या आवृत्तीतली, हे पहिल्या पानावर ठरवा. खाली मी जे मुद्दे घेतलेत ते कथेच्या सांगाड्याचे आहेत, शब्दकळेचे नाहीत, आणि हे मी मुद्दाम केलंय.

आता कथेतला विनोद नेमका कशावर आहे ते बघा. पंत आझाद मैदानावर येतात, तिथे सभा चालू आहे, आणि व्यासपीठावरची अध्यक्षांची खुर्ची रिकामी! आपल्या पंतांना हे बघवत नाही. ते सरळ जाऊन खुर्चीत बसतात. लोक ओरडतात, उठा म्हणून सांगतात, कारण त्या जगात प्रास्ताविक, अध्यक्षीय समारोप, आभारप्रदर्शन या सगळ्याला कंटाळून लोकांनी ती पद्धतच मोडीत काढलेली आहे. खुर्ची असते ती केवळ चिन्हापुरती. पंत ऐकत नाहीत, माईकवरून समजावू लागतात. मग टोमॅटो, अंडी, आणि शेवटी जमावाच्या हाती पंत.

नाशिककरांना हे वाचताना एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये इथे, कुसुमाग्रज नगरीत, ९४वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष होते जयंत नारळीकर, आणि प्रकृतीमुळे ते प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत. रिकाम्या अध्यक्षीय खुर्चीची कथा लिहिणारा लेखक, आणि त्याच्या स्वतःच्या संमेलनात खुर्ची रिकामी. त्या तीन दिवसांत यावर भरपूर चर्चा झाली, पण ही कथा कुणी काढलेली मी तरी ऐकली नाही. संशोधनात याला काही किंमत नाही, योगायोग म्हणजे पुरावा नव्हे. पण मला कथा पुन्हा वाचायला त्यानेच लावलं.

आणि पुन्हा वाचताना माझं मलाच एक लक्षात आलं. ईस्ट इंडिया कंपनी दोन-तीन बंदरांपुरती आक्रसली, दादासाहेब राजकारणातून बाजूला पडले, पेशव्यांनी विज्ञानाची केंद्रं काढली, हा मजकूर वाचताना माझी छाती फुगत होती. सार्वजनिक वाचनालयात बसून, पेन्सिल हातात घेऊन, 'संशोधक' म्हणून वाचत असताना. पंतांचंही तेच होतं. ते या न झालेल्या गुलामीचं कौतुक करतात, आणि लेखक आपल्याला त्यांच्याबरोबर ते करू देतो. म्हणजे कथेत टिंगल आहे ती सभेची. लढाईची नाही. लढाई एका वाक्यात, बखरीच्या एका पानावर, जिंकून होते. त्या दिवशी किती माणसं पडली, हा प्रश्न पराभवाच्या इतिहासात आपण पिढ्यान्‌पिढ्या विचारत आलो. जिंकलेल्या इतिहासात तो कुणालाच सुचत नाही, मलाही सुचला नव्हता.

इथून माझा प्रश्न सुरू झाला. पण प्रश्नाला धार आली ती 'जिंगो'मुळे.

'जिंगो'ची गोष्ट थोडक्यात सांगतो. आंख-मॉर्पोर्क हे एक गलिच्छ, गजबजलेलं महानगर आणि समुद्रापलीकडे क्लाच हे राज्य. मधल्या समुद्रातून एका रात्री लेश्प नावाचं बेट वर येतं. दोन्हीकडचे दोन कोळी मासेमारीला गेलेले असतात, दोघेही बेट आपलंच म्हणतात आणि तिथून दोन्ही देश युद्धाच्या उंबरठ्यावर. शहराच्या पोलीसदलाचा प्रमुख सॅम वाइम्स याला एका राजपुत्रावरच्या हल्ल्याचा तपास करायचाय. अख्ख्या शहराला मात्र गुन्हेगार कोण हे आधीच माहीत आहे: 'ते लोक'. कालपर्यंत ज्या क्लाची खानावळीत जेवत होते तिच्याच खिडकीवर आज दगड येतात.

बेट वर आलं म्हणून युद्ध, हे अतिशयोक्त वाटत असेल तर दोन खऱ्या गोष्टी ऐका. १८३१ साली सिसिलीजवळ समुद्रात ज्वालामुखीमुळे असंच एक बेट वर आलं. ब्रिटन, फ्रान्स आणि तिथलं स्थानिक राज्य, तिघांनीही हक्क सांगितला आणि काही महिन्यांत लाटांनी ते बेटच खाऊन टाकलं. दुसरी गोष्ट आपल्या घरची. १९७०च्या चक्रीवादळानंतर बंगालच्या उपसागरात न्यू मूर नावाचं एक वाळूचं बेट दिसू लागलं. आपण त्याला पूर्वाशा म्हणायचो, बांगलादेश दक्षिण तलपट्टी. दोन्ही देशांनी त्यावर वर्षानुवर्षं दावा केला. २०१०मध्ये जादवपूर विद्यापीठाच्या समुद्रशास्त्रज्ञांनी सांगितलं की बेट आता पाण्याखाली गेलंय. सागरी सीमेचा निकाल मात्र लवादाकडून यायला २०१४ उजाडलं. प्रॅचेटला हे बेट माहीत होतं की नाही हा माझा विषय नाही. प्रबंधात 'प्रभाव' हा शब्द वापरण्याआधी दहा वेळा विचार करा, हे माझ्या मार्गदर्शकांचं वाक्य मी इथे पुढे ढकलतोय.

तर 'जिंगो'तही पर्यायी काळ आहे, आणि माझी तुलना याच खिळ्यावर टांगलेली आहे. वाइम्सकडे बायकोने भेट दिलेलं एक यंत्र असतं, आत बसलेला एक छोटा इम्प दिवसभराच्या कामांची आठवण करून देतो. एका क्षणी वाइम्सला ठरवायचं असतं, शहरात थांबायचं की संशयिताच्या जहाजामागे धावायचं. तो धावतो. पण गोंधळ असा होतो की इम्प मात्र थांबलेल्या वाइम्सच्या काळाशी जोडला जातो. पुढची कितीतरी पानं हे विनोदी खेळणं आपल्या चिरक्या आवाजात चुकीची आठवण देत राहतं. सुरुवातीला हसू येतं. मग ती आठवण बदलत जाते. शहरात अडथळे उभारा. मग अमुक वाजता अमुक हवालदाराचा मृत्यू, लगेच दुसऱ्याचा. ज्यांच्याशी आपण चार कादंबऱ्यांपासून ओळख करून घेतलीय त्यांची नावं आणि वेळा. दुसऱ्या काळात युद्ध झालंय, आणि त्याची यादी या काळात वाचली जातेय.

दोन्ही लेखकांनी एकच युक्ती वापरली. एका काळातला तुकडा दुसऱ्या काळात सांडतो: पंतांच्या खिशात बखरीचं फाटकं पान, वाइम्सच्या खिशात बडबडणारा इम्प. पंतांचं पान सांगतं, आपण जिंकलो असतो. इम्प सांगतो, तुझी माणसं मेली असती. पर्यायी इतिहासाकडून आपण काय मागतो, हे या दोन खिशांत दिसतं.

आता इथे थांबून 'प्रॅचेट श्रेष्ठ, नारळीकर कनिष्ठ' असा निकाल दिला की तुलनात्मक अभ्यास संपला आणि तुमचं काम फुकट गेलं. नारळीकरांच्या कथेत एक तडा आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. जिंकलेल्या, स्वतंत्र, लोकशाही हिंदुस्थानात गंगाधरपंतांना मार बसतो. ज्या इतिहासाचा अभिमान बाळगून ते मैदानावर आले त्याच इतिहासाने घडवलेले लोक त्यांना उचलून फेकतात. खुर्चीची हाव, 'मी बोलतो ते ऐका' हा आग्रह, हे पंत आपल्या हरलेल्या इतिहासातून तिकडे घेऊन गेलेत. परत आल्यावर ते पानिपतच्या परिसंवादाला नकार कळवतात, हजारावी सभा होतच नाही. अभिमानाचा फुगा लेखकाने फोडलाय, फक्त टाचणी रणांगणावर टोचली नाही, व्यासपीठावर टोचली. मराठी विनोदाची ही जुनी खोड म्हणा किंवा ताकद. कोल्हटकर, गडकरी, चिं. वि. जोशी, सगळ्यांनी आपल्या समाजाच्या सभा, चळवळी, घरगुती ढोंगं यांची मनसोक्त चिरफाड केली. रणांगण मात्र गंभीर लेखनासाठी राखीव राहिलं. हे माझं निरीक्षण आहे, सिद्धान्त नाही. मोडून दाखवणारं उदाहरण सापडलं तर मला खरंच हवंय.

दुसरा तडा उलट दिशेचा आहे. पंतांचा मित्र राजेंद्र देशपांडे हा वैज्ञानिक, तो कॅटास्ट्रॉफी थिअरीने समजावतो: दोन्ही सैन्यं तुल्यबळ, मग सगळं मनोधैर्यावर, आणि मनोधैर्य एका गोळीवर. पुढे पुंजभौतिकीतली अनिश्चितता येते आणि दोन जगांची सोय होते. विज्ञानकथा म्हणून सुंदर बांधणी. पण इतिहास म्हणून? पानिपतावर वाचलेलं असेल तर माहीत असेल की १४ जानेवारी १७६१च्या आधी मराठ्यांची छावणी दोन महिन्यांहून जास्त कोंडलेली होती, रसद तुटलेली होती, माणसं आणि जनावरं उपाशी होती. सूरजमल जाट आधीच बाजूला झाला होता. सोबत न लढणाऱ्या माणसांचा मोठा लवाजमा होता, बायका-मुलं आणि यात्रेकरूसुद्धा. हे सगळं एका गोळीत मावत नाही. मग एका गोळीची गोष्ट आपल्याला इतकी का आवडते? मला वाटतं, कारण गोळी हा अपघात असतो. पराभव अपघाताने झाला की कुणाचा निर्णय चुकला हे विचारावं लागत नाही, आणि विजयही अपघाताने मिळवता येतो, एक तीळभर अंतर सरकवलं की झालं. 'विश्वास गेला पानिपतात' असं आपण सहज बोलून जातो, त्या श्लेषातसुद्धा अख्खी लढाई एका माणसावर आलेली आहे.

'जिंगो'मध्ये युद्ध अपघाताने पेटत नाही. बेट वर येणं हा अपघात, पण त्यानंतरची प्रत्येक पायरी कुणीतरी ठरवून चढतं: लॉर्ड रस्टसारखे खानदानी मूर्ख, पलीकडचा राजपुत्र, आणि बंदरावर टाळ्या वाजवणारी गर्दी. म्हणून युद्ध थांबवणंही ठरवून करावं लागतं. वाळवंटात दोन सैन्यं समोरासमोर उभी असताना वाइम्स काय करतो? दोन्ही सेनापतींना, आणि खरं तर दोन्ही सैन्यांना, अटक करतो. सार्वजनिक शांततेचा भंग! गल्लीतल्या भांडणाला जे कलम लागतं तेच दोन देशांना लावलं. मी हे प्रकरण वाचताना मोठ्याने हसलो आणि मग बराच वेळ गप्प बसलो. खुनाच्या आकड्यावरून त्याला गुन्हा म्हणायचं की पराक्रम, हे ठरतं, आणि वाइम्सच्या डोक्यात हा फरक शिरतच नाही. त्याच्या या मठ्ठपणातच कादंबरीची नीती आहे.

तरी 'जिंगो'ला मोकळं सोडू नका. शेवटचा तिढा सुटतो तो शहराचा हुकूमशहा व्हेटिनारी याच्या हुशारीने. बेट पुन्हा बुडणार हे त्याला आधीच कळलेलं असतं. तो शरणागती पत्करतो आणि बेटच गेल्याने तह हवेत विरतो. म्हणजे गर्दीला शहाणपण येत नाहीच, वर बसलेला एक सर्वज्ञ माणूस सगळ्यांना वाचवतो. राष्ट्रवादाची टिंगल करता करता कादंबरी हुकूमशाहीच्या मांडीवर जाऊन बसते, आणि हे मला खटकतं. दुसरं, क्लाच हा देश. पगडी, वाळवंट, वाकडी तलवार, मसालेदार जेवण, अशा पाश्चात्त्य कल्पनेतल्या पूर्वेचा तो एक ढीग आहे. प्रॅचेट त्या कल्पनेवर विनोद करतो. हवालदार नॉबी आणि सार्जंट कोलन यांचे 'परदेशी लोकांविषयी'चे संवाद म्हणजे पूर्वग्रहाचं शवविच्छेदन आहे. पण विनोद चालावा म्हणून तोच पोशाख त्याला आधी शिवावा लागतो. आपण नाशिकमध्ये बसून वाचतो तेव्हा आपण त्या विनोदाच्या नेमक्या कुठल्या बाजूला असतो? मला अजून पक्कं उत्तर नाही. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण इथेच अडलंय.

'आपण कुठे बसून वाचतो' हे मी शोभेसाठी म्हणत नाही. इंग्रजीत वेड लागलेल्या माणसाला 'डूलॅली' म्हणतात, तो शब्द आपल्या देवळालीवरून आला. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत ब्रिटिश सैनिक देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने पडून राहायचे आणि त्यांचं डोकं फिरायचं. पुढे त्याच छावणीवर बीबीसीने एक विनोदी मालिकाही केली. युद्धावर विनोद करणारा स्पाइक मिलिगन तर १९१८ साली अहमदनगरला जन्मला. म्हणजे युद्धाचा वेडेपणा इंग्रजीत सांगायला आपल्या शेजारच्या गावाचं नाव कामी आलं. देवळालीत आजही तोफखान्याची शाळा आहे, ओझरला विमानं तयार होतात, आणि ती डोक्यावरून गेली की आम्ही वर्गात वाक्य अर्धवट सोडून थांबतो. मुलं अभिमानाने वर बघतात. मीही बघतो.

मे २०२५मधले ते चार दिवस आठवा. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची बातमी अनेक वाहिन्यांनी रात्रभर चालवली, ती खोटी निघाली. आमच्या मेसच्या टीव्हीसमोर टाळ्या वाजल्या होत्या, आणि त्यात माझ्याही होत्या. १० मेला शस्त्रसंधी झाली. २० मेला नारळीकर गेले. त्या आठवड्यात मी 'गंगाधरपंतांचे पानिपत' तिसऱ्यांदा वाचली आणि पहिल्यांदाच मला त्या फाटक्या पानाची भीती वाटली. न मिळालेल्या विजयाचं पान खिशात असलेला मी एकटाच नव्हतो, अख्खी मेस होती.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, आराखड्यात हे मांडायचं कसं. 'मराठी व इंग्रजी फॅन्टसीतील युद्धविरोध: एक तुलनात्मक अभ्यास' असं शीर्षक मी पहिल्यांदा दिलं होतं. समितीतल्या एका तज्ज्ञांनी एकच विचारलं: "नारळीकरांच्या कथेत युद्धविरोध आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" उत्तर नव्हतं. मी निष्कर्ष शीर्षकातच कोंबला होता. आता शीर्षक 'पर्यायी इतिहासातील विजय आणि मृत' असं काहीसं आहे आणि प्रश्न साधा आहे: कथा जेव्हा दुसऱ्या काळात जाते, तेव्हा तिथून ती काय घेऊन परत येते, आणि काय तिथेच ठेवते? याचं उत्तर संहितेत बोट ठेवून दाखवता येतं. विरोध, समर्थन, राष्ट्रवाद हे शब्द मग उशिरा आले तरी चालतात.

एक शेवटचा धागा, तुमच्यापैकी कुणी उचलला तर मला आनंद होईल. १९७२मध्ये 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आलं तेव्हा नाना फडणविसांची बदनामी झाली म्हणून मोठा गदारोळ झाला. नारळीकरांनीही पेशवाईच्याच इतिहासात हात घातला, तो चक्क उलटापालटा केला, एका विद्वानाला भर सभेत अंडी मारली, आणि कथा शांतपणे शाळेच्या पुस्तकात जाऊन बसली. विजय दिला म्हणून ती खपली, की विज्ञानकथा म्हणून कुणी मनावरच घेतली नाही? की टिंगल कुणाची आहे हेच कळलं नाही? त्या काळातली परीक्षणं, वाचकांची पत्रं, पाठ्यपुस्तकातले कथेखालचे प्रश्न हे सगळं एकत्र करून कुणी वाचलं तर काहीतरी हाती लागेल. सुरुवात त्या प्रश्नांपासून करा. कथेखाली मुलांना काय विचारलंय आणि काय विचारायचं टाळलंय, हे तपासायला एक दुपार पुरते.